प्रणालक ते आंबडवे : रत्नागिरी जिल्ह्याच्या वारसालेखनाची चिकित्सा

बौद्ध विद्येच्या प्रांतात 'रत्नागिरी' हे नाव निघाले की देशोदेशीच्या अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती ओडिशातील रत्नागिरी. देबला मित्र यांनी १९५८ ते १९६१ या काळात तेथे उत्खनन केले, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने त्याचा अहवाल आपल्या मेमॉयर मालेत प्रसिद्ध केला, आणि वज्रयानाच्या इतिहासात त्या महाविहाराचे स्थान निश्चित झाले. त्याच मालेत, क्रमांक ८४ म्हणून, १९८६ साली आणखी एक ग्रंथ निघाला. तो आपल्या, म्हणजे कोकणातल्या रत्नागिरीविषयी आहे. म. न. देशपांडे यांचा पन्हाळेकाजीच्या लेण्यांवरील हा ग्रंथ होय. पहिल्या ग्रंथाचा उल्लेख टाळून वज्रयानावर कोणी लिहीत नाही; दुसऱ्याचा उल्लेख आमच्या विहारांतून, आमच्या नियतकालिकांतून, एवढेच काय खुद्द रत्नागिरी जिल्ह्यातील बौद्ध बांधवांच्या स्मरणिकांतूनही क्वचितच आढळतो. या जिल्ह्याच्या भूगोलाविषयी व वारशाविषयी जे लिहिले गेले आहे त्याची चिकित्सा करावयाची तर आरंभ या उपेक्षेपासूनच करावा लागेल, आणि तिचा काही दोष आम्हांकडेही येतो, हे प्रथमच मान्य केलेले बरे.

जिल्ह्याच्या लेखनाचा पाया घातला तो जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरने. रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड १८८० चा आहे. त्याची सुधारित राज्य आवृत्ती १९६२ साली आली, तेव्हा आजचा सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतच होता. तो वेगळा झाला १९८१ साली. गॅझेटियरचा भूगोल आजही वाचनीय आहे. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस समुद्र, मधली जमीन डोंगरांच्या सोंडांनी चिरलेली. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्या थोडक्या अंतरात उतरून खाड्यांना मिळतात. वर जांभ्याचे सडे, खाली खाचरे, आणि दोहोंच्या मध्ये नाचणी-वरीची वरकस जमीन. हे वर्णन सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेने केलेले आहे. त्याला महसूल हवा होता, रस्ते हवे होते, आणि फौजेसाठी माणसे हवी होती. म्हणून खोती पद्धतीवर त्यात पानेच्या पाने आहेत, बंदरांच्या व्यापाराचे आकडे आहेत, कोणत्या जातीतून किती शिपाई मिळतात याची दखल आहे. लेणी, किल्ले, देवळे 'पाहण्याजोगी ठिकाणे' या सदरात गावांच्या आद्याक्षरानुसार विखुरली आहेत.

वरवर पाहता ही केवळ सोयीची मांडणी वाटेल. पण वारसा हा गावांच्या यादीत विखुरला गेला की त्याचा भूगोल नाहीसा होतो. चिपळूणचे लेणे 'च' मध्ये, दाभोळ 'द' मध्ये, खेडचे लेणे 'ख' मध्ये. ही तिन्ही ठिकाणे वाशिष्ठी व जगबुडी यांच्या एकाच जलमार्गावर आहेत, तो मार्ग पुढे कुंभार्ली घाटाने वर चढून कराडला जातो, आणि कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी खोदलेली आहेत, हे यादी वाचून कोणाच्या ध्यानात येणार? समुद्रातून येणारा माल व त्याच वाटेने येणारा भिक्खू यांना खाडी आणि घाट यांनी जोडलेले होते. आमच्या मते कोकणातील बौद्ध इतिहासाचे एकक गाव नव्हे, किल्ला नव्हे, तालुकाही नव्हे. बंदर, खाडी, घाटवाट आणि देशावरची पेठ मिळून होणारी एकेक नदीखोरी हे त्याचे एकक आहे. इ.स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात चौलच्या दक्षिणेस मंदगोर, पालैपत्मै, मेलिझैगर अशी बंदरांची रांग येते. त्यांपैकी कोणते आजचे बाणकोट, कोणते दाभोळ, कोणते जयगड, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत व ते राहतील. परंतु खाडीच्या मुखाशी बंदरांची साखळी होती एवढे निर्विवाद, आणि आमच्या प्रश्नाला तेवढे पुरेसे आहे.

याच ठिकाणी देशपांडे यांच्या ग्रंथाचे मोल कळते. दाभोळचे संशोधक अण्णासाहेब शिरगावकर यांनी पन्हाळे परिसरातील ताम्रपट उजेडात आणले. त्यांतील शिलाहार राजा अपरादित्याचा पुत्र विक्रमादित्य याचा ताम्रपट शके १०६१, म्हणजे इ.स. ११३९ चा आहे, आणि त्यात प्रणालक हे नाव येते. पन्हाळे म्हणजे प्रणालक, हे त्यावरून ठरले. पुरातत्त्व खात्याचे महासंचालकपद भूषविलेल्या देशपांडे यांनी १९७० च्या दशकात ही लेणी अभ्यासली. तोवर विद्वज्जगताला त्यांचा परिचय नव्हता. दापोली तालुक्यात कोटजाई व धाकटी या नद्यांच्या संगमालगत, दोन्ही बाजूंनी डोंगर उभे असलेल्या अरुंद दरीत अठ्ठावीस लेणी एका ओळीने आहेत, आणि गौर लेणे म्हणून ओळखले जाणारे एकोणतिसावे थोडे बाजूला आहे. ही दरी दाभोळच्या पाण्याशी जोडलेली आहे हे लक्षात घेऊनच देशपांडे लिहितात. स्थळाचा विचार ते भूगोलासकट करतात. गॅझेटियरने जे तोडले होते ते येथे पुन्हा सांधले गेले.

ग्रंथाची मांडणी थोडक्यात अशी : सुमारे तिसऱ्या शतकात येथे पहिली लेणी खोदली गेली. पाचव्या लेण्यातील स्तूप हा त्या आद्य वसाहतीचा साक्षीदार. पुढे दहाव्या-अकराव्या शतकात वज्रयानी साधकांनी हे स्थान आपलेसे केले. अक्षोभ्याच्या मूर्ती त्या काळच्या, आणि दहाव्या लेण्यातील महाचंडरोषणाची मूर्ती तर दुर्मीळच म्हणावी लागेल. त्यानंतर शिलाहारांच्या अमदानीत शैव व गाणपत्य उपासना आली. एकोणिसाव्या लेण्यात शिवलिंग आहे, आणि त्याच्या छतावर रामायण, महाभारत व कृष्णकथेतील प्रसंग कोरले आहेत. शेवटी चौदाव्या शतकाच्या सुमारास नाथ संप्रदाय आला. चौदाव्या लेण्यात व गौर लेण्यात आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, चौरंगीनाथ आणि चौऱ्याऐंशी सिद्ध यांचे शिल्पांकन आहे. एका दरीत एक हजार वर्षांहून अधिक काळाचा धर्मेतिहास असा थरांवर थर रचून उभा आहे. महाराष्ट्रात अशी दुसरी जागा दाखविणे अवघड आहे.

या ग्रंथाने एक फार मोठी गोष्ट सिद्ध केली, आणि तिचे श्रेय निःसंकोचपणे द्यावयास हवे. शालेय पुस्तकांतून बहुधा असा समज करून दिला जातो की वेरूळ संपले आणि महाराष्ट्रातून बौद्ध धम्म संपला. कोकणचा पुरावा याच्या विरुद्ध आहे. कान्हेरी येथे शके ७६५, ७७५ व ७९९ चे, म्हणजे नवव्या शतकातील, शिलाहारकालीन दानलेख आहेत. त्यांपैकी एका लेखातील दाता गोमिन् अविघ्नाकर हा गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेला सुगताचा उपासक आहे. कोल्हापूरच्या शिलाहार गंडरादित्याने शके १०३२ च्या मिरज ताम्रपटानुसार तलावाकाठी शिव आणि जिन यांच्या बरोबरीने बुद्धाचेही मंदिर बांधले, ते इ.स. १११० साल होते. पन्हाळेकाजीचे वज्रयानी थर या दोन पुराव्यांच्या मध्ये चपखल बसतात. म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत कोकण व त्यालगतच्या घाटमाथ्यावर बुद्धाचे नाव जिवंत होते. धम्माच्या ऱ्हासाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे कालमान आपल्या टिपणवहीत उतरवून घ्यावे असे आम्हांस वाटते.

आता मतभेदाकडे वळू. देशपांडे यांच्या ग्रंथाच्या उपशीर्षकात या लेण्यांचा अभ्यास हीनयान, तांत्रिक वज्रयान व नाथ संप्रदाय यांमधील 'संक्रमणा'चा अभ्यास म्हटला आहे. त्यातील 'हीनयान' हा शब्द तर पुरातत्त्वखात्याच्या बोलीत रूढच झालेला आहे. तो मुळात प्रतिपक्षाने दिलेला कमीपणाचा शब्द आहे आणि तिसऱ्या शतकातील दापोलीच्या भिक्खूने तो स्वतःसाठी खचितच वापरला नसता. पण तो शब्द आम्ही सोडून देतो. आमचा आक्षेप आहे तो 'संक्रमण' या शब्दावर. संक्रमण म्हटले की एक अवस्था सहजपणे, जणू ऋतू पालटावा तशी, दुसरीत गेली असे चित्र उभे राहते. वस्तुतः येथे निदान तीन शक्यता वेगळ्या करावयास हव्यात. एक, माणसे तीच राहिली आणि त्यांची उपासना बदलली. दोन, पहिली माणसे निघून गेली, लेणी ओस पडली आणि पुढे दुसऱ्यांनी ती वापरली. तीन, पहिल्यांना राजसत्तेच्या किंवा दानाच्या बळावर हुसकण्यात आले. या तिन्ही घटनांचा सामाजिक अर्थ अगदी वेगवेगळा आहे, पण दगडात उरणारी खूण कित्येकदा एकच असते : जेथे स्तूप होता त्याच रांगेत लिंग. कुड्याच्या लेण्यांत दात्यांचे लेख आहेत, म्हणून तेथे माळी, वैद्य, व्यापारी, महाभोजांचे आप्त अशी दानशूर माणसे डोळ्यांसमोर उभी राहतात. पन्हाळेकाजीचे कालनिर्धारण मुख्यतः मूर्तिलक्षणे आणि खोदकामाची शैली यांवर उभे आहे. मूर्ती सांगते की कोणाची पूजा झाली. ती पूजा कोणी केली हे ती सांगत नाही. 'संक्रमण' हा शब्द हे न सांगितलेले जणू सांगून टाकतो.

असे असले तरी पहिली शक्यता, म्हणजे माणसे तीच राहून उपासना बदलण्याची, अगदीच निराधार नाही. चौऱ्याऐंशी सिद्धांची कल्पना वज्रयान व नाथ यांना समान आहे. तिबेटी परंपरेत जपलेल्या सिद्धांच्या यादीत गोरक्ष आहे, चौरंगी आहे, आणि त्याच यादीत चामडे कमावणारा आहे, विणकर आहे, मासे धरणारा आहे. नेपाळात मत्स्येंद्रनाथ व लोकेश्वर अवलोकितेश्वर हे एकरूप मानले जातात. याच पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेस मंगळूरजवळ कद्री येथे इ.स. ९६८ चा लेख असलेली लोकेश्वराची ब्राँझ मूर्ती आहे, आणि ते स्थान पुढे नाथ जोग्यांचे मठस्थान झाले. तेव्हा गौर लेण्यातील सिद्धांच्या रांगेत बौद्ध साधकांचे वारस बसलेले असणे शक्य आहे. या दुव्याचा सामाजिक बाजूने, जातीच्या बाजूने, शोध घेण्यास मूर्तिशास्त्र अपुरे पडते. हा दोष देशपांडे यांचा नाही, त्यांनी आपल्या शास्त्राची मर्यादा पाळली. पण त्यांच्या पुढचे पाऊल कोणीतरी टाकावयास हवे होते, आणि ज्यांना जातीचा प्रश्न सर्वाधिक कळतो त्या आम्हांकडून ते टाकले गेलेले नाही.

का टाकले गेले नाही? याचे एक कारण आम्ही स्पष्टच सांगतो. वज्रयानापुढे आमचा वाचक संकोचतो. बाबासाहेबांनी दिलेला धम्म हा बुद्धिप्रामाण्यावर आणि नीतीवर उभा आहे. हातात खड्ग आणि पाश धरलेला, दात विचकणारा महाचंडरोषण पाहिला की 'हे आपले नव्हे' असे मनात येते. एका अभ्याससहलीत आम्ही हे प्रत्यक्ष अनुभवले : पाचव्या लेण्यातील स्तूपासमोर सर्वांनी वंदना घेतली, आणि दहाव्या लेण्यात मात्र मंडळी दाराशीच थबकली. एका ज्येष्ठ उपासकाने विचारले, 'भन्ते, हे आपल्यात धरायचे का?' प्रश्न प्रामाणिक होता. आमचे उत्तर असे की आचरणात धरावयाचे की नाही हा वेगळा प्रश्न, इतिहासात धरल्यावाचून गत्यंतर नाही. ज्यांनी या निर्जन दरीत दहाव्या शतकात तथागतांचे नाव टिकविले ते हेच लोक होते. आपल्या अभिरुचीला रुचतील तेवढेच पूर्वज निवडावयाचे असतील तर मग ज्यांनी आपल्याला इतिहासातून वगळले त्यांच्या रीतीत व आपल्या रीतीत अंतर ते काय उरले?

याच्या उलट बाजूचा दोषही आमच्यात आहे. काही पत्रकांतून व फलकांतून ही लेणी 'सम्राट अशोककालीन' म्हटलेली आम्ही वाचली आहेत. अशोकाचा शिलालेख कोकणात सोपाऱ्यास मिळाला आहे, आणि महावंसाने अपरान्तात यवन धम्मरक्खिताला धाडल्याची परंपरा जपली आहे. हे सारे खरे व अभिमानास्पद आहे. परंतु अशोक आणि पन्हाळेकाजीचा पहिला स्तूप यांच्यामध्ये सुमारे पाचशे वर्षे आहेत. गावकरी म्हणतात की पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली. आम्ही त्यांना हसतो, आणि आमचा फलक पाच शतके एका ओळीत ओलांडून जातो.

आता शहराकडे येऊ. रत्नागिरी शहराच्या वारशाविषयीच्या लेखनात एकच नाव सर्वत्र आहे : थिबा. ब्रह्मदेशाचा हा अखेरचा राजा नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडालेहून पदच्युत करून नेण्यात आला, मद्रासमार्गे एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणला गेला, आणि डिसेंबर १९१६ मध्ये येथेच निवर्तला. पर्यटनाच्या पुस्तिकांना राजवाडा प्रिय आहे. जांभा, विटा, ब्रह्मी सागवान, अर्धवर्तुळाकार खिडक्या, समुद्राचे दर्शन. राजा त्या वाड्यात राहावयास गेला तो १९१० च्या सुमारास, म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासापैकी जेमतेम शेवटची सहा वर्षे तो तेथे होता, ही साधी गोष्ट या पुस्तिकांत सांगितलेली नसते. वाडा हा बंदिवासाचा उपसंहार होता. पुस्तिकांनी त्याला सगळी कथाच करून टाकले आहे.

डब्ल्यू. एस. देसाई यांचा १९६७ चा इंग्रजी ग्रंथ सरकारी दप्तराच्या आधाराने लिहिलेला आहे आणि त्यातून ब्रिटिशांचा हिशेबीपणा चांगला उमगतो. सुधा शहा यांचे २०१२ मधील पुस्तक राजघराण्याच्या स्त्रियांकडे अधिक सहानुभूतीने पाहते. थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू रत्नागिरीच्याच मातीत, मराठी बोलत, दारिद्र्यात जगली व २००० साली वारली, हे त्यातून पुष्कळांना प्रथम कळले. ही दोन्ही पुस्तके मोलाची आहेत. परंतु बौद्ध वाचकाच्या मनात जो प्रश्न सर्वांत आधी यावा, तो या सगळ्या लेखनात बाजूलाच राहतो. थिबा हा मिंदोन राजाचा पुत्र होता. मिंदोनने १८७१ साली मंडाले येथे धम्मसंगीती भरविली, तिला ब्रह्मी परंपरा पाचवी संगीती म्हणते. त्याने सबंध तिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले. थिबाने स्वतः तरुणपणी चीवर धारण केले होते आणि १८७७ साली पाली परीक्षा उत्तीर्ण केली होती. म्हणजे तीस वर्षे रत्नागिरीत पाली तिपिटक शिकलेला एक माणूस राहत होता, आणि याच जिल्ह्यातील दापोलीत त्या वेळी भीमराव नावाचे एक मूल लहानाचे मोठे होत होते. या दोहोंचा काही संबंध होता असे आम्ही सुचवीत नाही, तसे सुचविणे फलकबाजी होईल. मात्र १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा तेथे सहावी संगीती चालू होती. पाचवी ज्या घराण्याने भरविली त्याचा शेवटचा राजा आपल्या जिल्ह्यात चिरविश्रांती घेत आहे, हे सांगण्यास कल्पनेची गरज नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थीन सीन रत्नागिरीस येऊन समाधीपुढे नतमस्तक झाले. त्या दिवशी तरी स्थानिक लेखनाला हा धागा सापडावयास हरकत नव्हती.

तथापि थिबा बौद्ध होता म्हणून त्यास आदर्श बौद्ध राजा ठरविण्याचा जो मोह आमच्या काही लेखकांना पडतो, तोही आम्हांस मान्य नाही. १८७९ च्या फेब्रुवारीत त्याच्या राज्यारोहणानंतर राजघराण्यातील अनेकांची कत्तल झाली. हुकूम त्याचा की सासूचा व राणीचा, याची चर्चा इतिहासकार करोत. पण ज्या दरबारात हे घडले त्याचा तो राजा होता. पाली परीक्षा उत्तीर्ण होणे व शील पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साम्राज्यशाहीने त्याच्यावर अन्याय केला हे म्हणत असतानाच आम्ही हेही म्हणू.

शहराच्या कथेतून भूगोलाचा एक धडा मात्र निसटता कामा नये. थिबासाठी रत्नागिरी का निवडले गेले? येथे आगगाडी नव्हती, घाट अवघड होते, पावसाळ्यात समुद्र बंद होई. बंदिवान ठेवण्यास याहून योग्य जागा ती कोणती? ज्या किनाऱ्यावर पहिल्या शतकात ग्रीकांची गलबते येत, ज्या खाडीतून भिक्खू आत शिरत, तोच किनारा एकोणिसाव्या शतकात जगापासून तुटलेला तुरुंग ठरला. डोंगर तेच होते, खाड्या त्याच होत्या. खाड्या गाळाने भरत गेल्या, मोठ्या आगबोटींना मुंबईचे खोल बंदर हवे झाले, आणि लोहमार्ग घाटावरून गेले. 'दुर्गम' हा शब्द आपण कोकणाच्या डोंगराला जन्मजात चिकटलेला समजतो. तो चिकटला तो या काळात. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली तेव्हाही तिचे रूळ खेड, चिपळूण, रत्नागिरी असे गेले. दापोली आणि मंडणगड हे डोंगराळ तालुके बाजूसच राहिले.

आणि याच दोन तालुक्यांत आमच्या दृष्टीने जिल्ह्याचा सर्वांत मोठा वारसा आहे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. त्यांनी आपल्या आठवणींत घराण्याचे मूळ दापोली तालुक्यात सांगितले आहे. त्यात चूक नाही, कारण मंडणगड तेव्हा दापोलीचाच पेटा होता. पूर्वजांनी गावकीचे वंशपरंपरागत काम सोडून कंपनी सरकारच्या फौजेत चाकरी धरली, असे ते सांगतात. दापोलीच्या कॅम्पात निवृत्त महार शिपायांची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर तेथेच राहिले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. १८९० च्या दशकात तेथील महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना सार्वजनिक शाळेत प्रवेश मिळावा म्हणून झगडा दिला, आणि मिळाला तेव्हा मुलांना बसविले ते व्हरांड्यात. माता रमाई दापोलीजवळच्या वणंदच्या. त्यांचे वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत.

वारसालेखनाची आमची तक्रार या शेवटच्या वाक्यात सामावली आहे. दाभोळ बंदर प्रणालकाच्या इतिहासात येते ते व्यापाराचे द्वार म्हणून, मध्ययुगात येते ते सुलतानी काळातील भरभराटीचे बंदर म्हणून, गॅझेटियरमध्ये येते ते जकातीच्या आकड्यांत. जो माल उतरला तो कोणाच्या डोक्यावरून वर गेला? तिसऱ्या शतकात घाट चढणारा हमाल आणि एकोणिसाव्या शतकातील भिकू यांच्यामध्ये सलग वंशरेषा दाखविता येणार नाही, आम्ही ती दाखवूही इच्छीत नाही. परंतु बंदराचा इतिहास लिहिताना ओझे वाहणारा माणूस वगळला तर तो इतिहास गलबताच्या मालकाचा होतो. १९६२ च्या आवृत्तीला हे दुरुस्त करण्याची संधी होती. खोतांविरुद्ध कुणबी व महार यांची एकजूट उभारण्यासाठी १९२९ च्या एप्रिलमध्ये चिपळूणला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली शेतकरी परिषद भरली, १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. वरकस जमिनीच्या प्रत्येक वर्णनाखाली ही हकीकत असावयास हवी, कारण डोंगरउतारावरची ती जमीन कोणी कसली आणि तिचे पीक कोणी नेले, हाच तर तिचा भूगोल आहे.

अलीकडे रत्नागिरीच्या सड्यांवरील कातळशिल्पांना मोठे महत्त्व आले आहे. २०२२ साली कोकणातील या शिल्पांचा जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. आनंदाची गोष्ट आहे. स्थानिक तरुणांनी पायी हिंडून ती शोधली, नोंदविली, हे आमच्या तरुणांनी पाहण्यासारखे आहे. ज्यांच्यामागे कोणताही समाज आज 'हे आमचे' म्हणून उभा नाही अशी ही शिल्पे एवढी काळजीपूर्वक नोंदली जातात, आणि ज्यांच्यामागे आम्ही आहोत असे म्हणतो त्या खेडच्या व चिपळूणच्या लेण्यांचे मोजमाप घेतलेले एकही मराठी टिपण आमच्या संस्थेच्या कपाटात नाही.

कामाची सुरुवात कोठून करता येईल हे सांगून थांबतो. देशपांडे यांचा मेमॉयर इंग्रजीत आहे. दापोली-मंडणगडच्या गावांत जी धम्मशिबिरे वर्षावासात होतात त्यांत या ग्रंथाचे एकेक प्रकरण मराठीतून समजावून द्यावे, नकाशे मोठे करून भिंतीवर लावावेत, आणि दाभोळपासून कोटजाईच्या दरीपर्यंतची वाट एकदा शिबिरार्थींनी पायी चालावी. वाटेत ज्या ज्या वाडीत जुन्या पाखाडीची, टाक्याची किंवा ओस पडलेल्या लेण्याची आठवण निघेल ती सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यावी. 'पांडवांनी कोरले' असे कोणी सांगितले तर तेही, न हसता, लिहून घ्यावे. खेडच्या मंडळींनी आपल्या शहरातील लेण्याचे मोजमाप घेऊन पाठविल्यास आम्ही ते याच पृष्ठांवर छापू.